कोऱ्या पट्ट्याची राखण

कल्लेवाडी, ता. अक्कलकोट
२१ ऑक्टोबर २०२४

चि. भुवनेश्वरीला मामाचा आशीर्वाद, आणि तुझ्या पुण्याच्या संशोधन केंद्राला लांबूनच नमस्कार.

तू सांगितलंस म्हणून पत्र लिहितोय. मेसेज करायचा नाही हे मला मान्य आहे. मागच्या महिन्यात मामीसाठी आलेला तुझा मेसेज मी पुसायला गेलो आणि तो आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर गेला. 'मामा जरा हट्टी आहेत, पण दुसरं कुणी बाग देईना म्हणून त्यांच्याकडेच प्रयोग लावतेय' हे तुझं वाक्य आता गावाला तोंडपाठ आहे. हिंदुराव भेटला की नमस्कार न करता तेच म्हणून दाखवतो. तेव्हा यापुढे पानांचे नमुने पाठवीन त्या डब्यातच पत्र घालीन. कागद तरी चुकून गावभर जाणार नाही.

छाटणी झाली. तू आखून दिलेस तसे तीन-तीन ओळींचे तीन पट्टे पाडले. ओळी विहिरीपासून निघतात आणि बांधाला संपतात. पहिला पट्टा माझ्या नेहमीच्या फवारणीचा, मधला तुझ्या कमी फवारणीचा आणि तिसरा, रस्त्याच्या कडेचा, कोरा. त्याला औषधाचा थेंब लावायचा नाही. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय तुझी फवारणी चालली की नुसतं नशीब चाललं ते कळणार नाही, हे मला समजलं. मामीला नाही समजलं. ती म्हणते, "तीन लेकरं, दोघांना जेवान आन् तिसऱ्याला नुसतं पानी? ही कसली तुमची शाळा?"

मी जन्मभर पोरांना शेतीचे धडे शिकवले. निवृत्त झाल्यावर शेतीने मला शिकवायला घेतलं, आणि मी मागच्या बाकावरचा निघालो. गेल्या वर्षी आमच्या अकरा जणांच्या गटाचा माल हॉलंडच्या खरेदीदाराने नाकारला, का तर नमुन्यात औषधाचा अंश जास्त निघाला. परदेशी जायची द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर वाळत पडली. कुणाच्या बागेतलं औषध होतं ते आजवर कळलेलं नाही. अकराही जण छातीला हात लावून सांगतात, "माजं नव्हं." त्यात मीही आहे.

तुझा हट्टी मामा,
गुरुशांत


पुणे
५ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना शरणु.

मेसेजमधलं वाक्य खरं होतं, म्हणून माफी मागत नाही. दिवाळीचा डबा मिळाला. पानांच्या डब्यात करंज्या घालू नका. आमच्या प्रयोगशाळेत त्यांची नोंद 'नमुना क्र. ४, तळलेला' अशी झाली आणि मी पोहोचेपर्यंत निम्म्या तपासून संपल्या होत्या.

आता गंमत बाजूला. माझी नेमणूक या योजनेपुरतीच आहे, हे तुम्हाला माहीत आहे. फेब्रुवारीत मला निकाल समितीपुढे ठेवायचा आहे. तो पटला तर योजना पुढे चालेल, तुमच्या गटाला केंद्राची शिफारस मिळेल आणि हॉलंडचा तो खरेदीदार पुन्हा दार उघडेल, तसं त्याने लेखी कळवलंय. नाही पटला तर योजना बंद, आणि तुमची भाची 'पीएचडी झालेली, सध्या घरीच' अशी येणाऱ्या स्थळांना दाखवायला मोकळी.

सगळं त्या कोऱ्या पट्ट्यावर आहे. तो दुखणाईत होईल. होऊ द्या. तो किती आजारी पडतो यावरच मधल्या पट्ट्याची किंमत ठरणार. त्याच्यावर पाण्याशिवाय काहीही पडता कामा नये. औषध नाही, गोमूत्र नाही, राख नाही. मामी मठातला अंगारा लावतील, तोही नको. देवाला वाईट वाटलं तर मी त्याला समजावीन, समितीला समजावणं मला जमायचं नाही.

तुमची,
भुवना


कल्लेवाडी
१२ डिसेंबर २०२४

चि. भुवना,

कोरा पट्टा तुझ्या इच्छेप्रमाणे आजारी पडला आहे. अभिनंदन.

पानांवर भुरीची बुरशी आली. घडांवर पण पांढरी झाक दिसते. मधला पट्टा मात्र बरा आहे, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बरा. पण रस्त्यानं जाणाऱ्याला मधला पट्टा दिसत नाही ना! त्याला दिसतो तो रस्त्याकडेचा. काल हिंदुराव गाडी थांबवून उतरला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मास्तर, बागेला पावडर लावलीया व्हय? कुटं लगीन हाय?" दुधनीच्या अडतीवर माझं नाव 'भुरी मास्तर' पडलंय. अडत्यानं चहा पाजला आणि हळूच विचारलं, औषधाला उधार पाहिजे का. मी म्हणालो, "प्रयोग आहे हो." तो म्हणाला, "असूदे की, असूदे," आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दुखवट्याला ठेवतात तसा.

भुवना अव्वा, तुला खरं सांगू? वेल असा झिजताना बघवत नाही. फवारणीचा ब्लोअर शेडमध्ये आहे, औषध कपाटात आहे, आणि मी हाताची घडी घालून बसलोय. शाळेत एखादं पोर मुद्दाम नापास करायला सांगितलं असतं तर मी साहेबाच्या तोंडावर राजीनामा मारला असता. इथं भाचीनं सांगितलं आणि मी गप बसलोय.

रोज संध्याकाळी खुर्ची टाकून कोऱ्या पट्ट्याची राखण करतो. पाखरांपासून नव्हे, तुझ्या मामीपासून. परवा ती पदराखाली काहीतरी घेऊन निघाली होती. मी आडवा गेलो. ताक निघालं, माझ्यासाठीच आणलेलं. तरी ते मी खुर्चीत बसूनच, पट्ट्याकडे पाठ करून प्यालो. तू निर्धास्त राहा. या राखणदाराचा डोळा चुकवणारा अजून जन्माला यायचाय.

गुरुशांतमामा


पुणे
२३ डिसेंबर २०२४

ती. मामा,

पानं मिळाली. आकडे इतके चांगले आहेत की मी ते दोनदा मोजले आणि मग आमच्या साहेबांना मोजायला लावले. मधल्या पट्ट्यावरची भुरी तुमच्या नेहमीच्या फवारणीच्या पट्ट्याएवढीच आहे, आणि औषध निम्म्याहून कमी. कोऱ्याने आपलं काम चोख बजावलंय, बिचारा अगदी मनापासून आजारी आहे. असंच राहिलं तर मी समितीपुढे मान ताठ ठेवून उभी राहीन.

येळवसला, रानपूजेच्या त्या अमावास्येला, यायचं फार मनात होतं, पण सुट्टी मिळत नाही. मामींच्या हातची भज्जी, उंडे, कडब्याच्या कोपीत बसून जेवणं, सगळं डोळ्यांसमोर येतं. आणि ते आंबिलीचं मडकं! लहानपणी मी तुमच्यामागे पळायचे, तुम्ही 'ओलगे ओलगे' ओरडत, रान शिंपत पुढे आणि मी मडकं सावरत मागे. अर्धी आंबील माझ्याच परकरावर सांडायची. यंदा माझ्या वाटची तुम्ही प्या. आणि माझ्या नावानं रानाला चार शिंतोडे जास्तीचे मारा.

भुवना


कल्लेवाडी
१० जानेवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस आशीर्वाद.

येळवस झाली. जेवणं झाली. विशेष काही नाही.

पानं पाठवली आहेत. कोऱ्या पट्ट्यात विहिरीकडच्या अर्ध्या भागात भुरी थोडी कमी दिसते, बांधाकडच्या अर्ध्यात आहे तशीच आहे. थंडीमुळे असेल. दोन्हीकडची पानं वेगवेगळ्या पिशव्यांत आहेत, तू सांगितल्याप्रमाणे. फार मनावर घेऊ नकोस.

गुडघे दुखतात म्हणून पत्र आवरतं घेतो.

गुरुशांत


पुणे
२० जानेवारी २०२५

मामा, मामा, मामा!

थंडीमुळे म्हणता? थंडी काय अर्ध्याच ओळीला वाजते?

आता नीट बसून वाचा, मामींनाही वाचून दाखवा. दोन्ही पिशव्यांतली पानं आम्ही तपासली. बांधाकडच्या पानांवर नुसती भुरी. विहिरीकडच्या पानांवर एका जातीचे जिवाणू भरपूर सापडले, दुधाचं दही करतात त्यांच्याच कुळातले! औषध नाही, फवारणी नाही, आणि वेलीने आपणहून हे बोलावून घेतले! साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून इतका वेळ उभे होते की मला वाटलं तसेच झोपले. मग म्हणाले, "भुवनेश्वरी, ही मातीची देणगी आहे." साहेब असं कधी बोलत नाहीत. ते बहुधा 'कागद पुढे करा' एवढंच बोलतात.

जिवाणूचं नाव आम्ही 'कल्लेवाडी-१' ठेवलंय. विचार करा, औषधाचा अंश शून्य, आणि तरी भुरी आटोक्यात! हॉलंडवाले दारात रांग लावतील. बारा फेब्रुवारीला समितीपुढे मी आधी हेच मांडणार, कमी फवारणीचं नंतर. शोधनिबंधाचा मथळासुद्धा ठरवलाय. आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणूनही पाहिला. भाषणात तुमचे आभार कुठे मानायचे तेही ठरलंय.

मला आठवून सांगा, त्या भागात वेगळं काय आहे? विहिरीची ओल? जुनी बाभळ? काहीही सुचलं तरी लिहा.

तुमची (थोडी हवेत गेलेली),
भुवना


कल्लेवाडी
२७ जानेवारी २०२५

भुवना, सुकी ऱ्हा.

मी मामी. तुजा मामा लिवीना म्हनून मी लिवते. माजं अक्षर वंगाळ हाय, तू शिकलेली हायेस, लावून घे.

तुजं पत्र आल्यापास्नं त्येंनी धड जेवन केलं न्हाय. पत्र वाचत्यात, घडी घालत्यात, परत उगडत्यात. इचारलं तर म्हनत्यात गुडगं दुकत्यात. मी म्हनलं, गुडगं दुकल्यावर कुनी भाकर टाकतं व्हय?

येळवसला काय झालं ते ऐक. पूजा झाली. आंबिलीचं मडकं घिऊन रान शिंपायला त्येच निगालं, दरसालासारकं, ओलगे ओलगे करत. मी मागनं वरडले, "अवो, तिसरा पट्टा सोडा!" त्येस्नी कुटलं आयकू येतंय, आंगात आल्यागत पळत हुतं. साऱ्या रानाला कडुनिंबाच्या डहाळीनं येक येक शिंतोडा. मग तुज्या कोऱ्या पट्ट्यापाशी आलं आन् थांबलं. मला वाटलं, आलं बया शुद्धीवर. तर म्हनलं कसं, "ह्या बिचाऱ्याला सालभर कायबी मिळालं न्हाय." आन् वंजळीनं आंबील पानावर, घडावर मारत सुटलं की गं! येक मडकं सपलं तवा दुसरं मागितलं. निम्म्यात दम लागला म्हनून ऱ्हायलं, न्हायतर बांदापातुर गेलं आसतं. मंग खुडचीवर बसलं, आन् बसल्यावर ध्येनात आलं. तोंड आसं झालं की मला हसाया बी यीना.

तर तुजा त्यो कल्लेवाडी नंबर येक. त्येला मी दरसालाला जवारीच्या पिटात आन् ताकात उबवते. आमी त्येला आंबील म्हनतो.

मला बी वाटलं, झाकून ऱ्हावं, पोरीचं भलं हुतंय तर हुईना. पर तू साहेबलोकांपुडं उबी ऱ्हानार, आन् तितं आपल्याकडचा कुनी बसला आसला तर? तुजं हसं झालेलं मला चालायचं न्हाय. त्येंचं झालं तर चालतंय, त्येंला सवं हाय.

त्येंच्यावर लई रागवू नगंस.

दाक्षायणीमामी


पुणे
३१ जानेवारी २०२५

मामा,

मामींचं पत्र वाचून मी आधी हसले. मग दार लावून रडले. मग पुन्हा ते दोन मडक्यांचं वाचलं आणि परत हसले. आमच्या प्रयोगशाळेतल्या अक्षताला वाटलं माझं लग्न ठरलं.

मला आंबिलीचा राग नाही. त्यात मी तुमच्या बरोबरीची आहे. मी अंगाऱ्याला बंदी घातली आणि आंबील विसरले! ज्या मुलीनं दर येळवसला ते मडकं वाहिलं, तिनं नियम लिहिताना त्याचा विचार केला नाही. वर तुम्हाला लेखी कळवलं की माझ्या नावानं चार शिंतोडे जास्तीचे मारा. आणि दह्याच्या कुळातले जिवाणू पानावर दिसले तरी या विदुषीला ताक आठवलं नाही, मातीची देणगी आठवली.

राग आहे तो तुमच्या 'विशेष काही नाही'चा. पानं पिशवीत भरताना तुम्हाला ठाऊक होतं. आरशासमोर मी मथळा म्हणत होते तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हीच असं केलंत याचं फार वाईट वाटलं, मामा. हे लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहिते.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आंबील म्हणजे प्यायचीच ना?"

प्रयोगशाळेतल्या एकानं सुचवलं की कोऱ्याचा बांधाकडचा अर्धा भाग अजून कोराच आहे, तेवढाच दाखव, बाकीचं बोलूच नकोस. आकडे तसेही खोटे नाहीत. मी रात्र त्यावर घालवली. पण गेल्या वर्षी तुमचा माल कशामुळे परत फिरला? कुणीतरी काहीतरी मारलं आणि सांगितलं नाही, म्हणूनच ना? मग मी तरी कोणत्या तोंडानं गप्प बसू? समितीला सगळं सांगणार आहे, मडक्यांसकट.

भुवना


कल्लेवाडी
४ फेब्रुवारी २०२५

भुवना,

चुकलो. मास्तर असूनही चुकलो.

पहिल्या दिवशी वाटलं, सांगितलं तर तू प्रयोग मोडशील. दुसऱ्या दिवशी वाटलं, कदाचित काही होणारच नाही. मग तुझं ते मामा, मामा, मामा असं पत्र आलं आणि माझी जीभच गेली. तू इतकी आनंदात मला कधी दिसली नव्हतीस. खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभं करायचो. आता मीच उभा राहिलो असतो, पण गुडघे खरंच दुखतात, ती थाप नव्हती.

तू म्हणशील तर समितीपुढे येऊन स्वतः सांगतो. एसटीत बसून येतो, पांढरा सदरा घालतो.

मामा


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना शरणु.

तुम्ही आला नाहीत ते बरं झालं. तुम्ही सदऱ्यात उभे राहिला असतात तर मला बोलता आलं नसतं.

सगळं सांगितलं. पडद्यावर आकडे, आणि मी तोंडानं येळवस समजावून सांगतेय. हसू आवरत नव्हतं कुणाला. एका बाईंनी तर आंबिलीची कृती लिहून घेतली. अध्यक्ष गंगाधर सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "भुरी आंबिलीनं हटली की विहिरीकडच्या वाऱ्यानं, हे दोन मडक्यांवरून सांगता येत नाही. आणि कमी फवारणी चालते हे एका बागेवरून सांगता येत नाही. मडक्याची चूक तुमच्या मामांची. एकाच बागेवर सगळी भिस्त ठेवली ही चूक तुमची." मामा, ते बरोबर बोलले. हट्टी तुम्ही एकटेच नाही आपल्या घरात.

निर्णय असा. यंदाचा निकाल धरणार नाहीत. योजना आणखी एक हंगाम चालेल, पण एका अटीवर. तुमची बाग धरून अकरा बागा हव्यात आणि प्रत्येकीत एक कोरा पट्टा. संमतीच्या सह्या दहा मार्चपर्यंत. नाहीतर योजना बंद, शिफारस नाही, आणि हॉलंडचाही विषय संपला.

तुमच्या गटातल्या सगळ्यांना मी स्वतः फोन केले. सिद्धलिंगअण्णा गोड बोलले, "ताई, औषध बदला, येळ बदला, काय बी करा, पर कोरा पट्टा नको." श्रीमंतमामांनी आधी फोन ठेवला आणि मग नको म्हणाले असणार. हिंदुरावकाकांनी विचारलं, "गावात आमची भुरीची वरात काढायची हाय का?" सगळ्यांचं म्हणणं एकच. नुकसान तीन ओळींचं, ते सोसेल. पण रस्त्यानं जाणारा हसेल, ते नाही सोसायचं.

त्यांना दोष देत नाही. तुम्ही काय सोसलंत ते त्यांनी पाहिलंय. मी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली आहेत. आई म्हणते सोलापुरात एखाद्या कॉलेजात बघू. बघू.

तुम्ही रुसू नका आणि नीट जेवा. माझा राग गेला.

भुवना


कल्लेवाडी
३ मार्च २०२५

चि. भुवनेश्वरीस,

हे फोनवर सांगण्यासारखं होतं, पण सह्या फोनवरून येत नाहीत.

काल सिद्धलिंगाच्या पॅकहाउसवर गटाची बैठक होती, मालाची तोड आणि गाड्या ठरवायला. मी आदल्या दिवशी भाषण लिहून ठेवलं होतं. विज्ञानाची कास, देशाची निर्यात, आपली लेक, सगळं घातलं होतं. उभा राहिलो आणि वाचलं. शाळेत प्रजासत्ताक दिनाला पोरं जशी उन्हात उभी राहायची तसे सगळे बसून होते. श्रीमंत मोबाइल बघत होता. संपल्यावर सिद्धलिंगानं गाड्यांची यादी पुढे ओढली. जीव नुसता घायकुतीला आला. वाटलं, झालं, पोरीची योजना इथं या क्रेटांच्या ढिगापाशी संपली, आणि ती मी संपवली.

खाली बसणार तेवढ्यात हिंदुराव म्हणाला, "मास्तर, येक इचारू? तुमच्या त्या कोऱ्या पट्ट्यात निम्मी भुरी आन् निम्मी न्हाय, आसं कसं झालं हो?"

याचं कारण गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मामीनं तुला लिहिलं, पण इथं तोंड उघडलं नव्हतं. 'थंडीमुळे' असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझं मलाच कसंनुसं झालं. म्हटलं, नाहीतरी सगळं गेलंच आहे, आता कशाला! सांगितलं सगळं. खुर्चीवरची राखण सांगितली, पट्ट्याकडे पाठ करून ताक प्यालो ते सांगितलं. येळवस, पहिलं मडकं, दुसरं मडकं, लागलेला दम. तुझे साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मातीची देणगी बघत होते, आणि ती देणगी तुझ्या मामीनं घुसळलेली होती, तेही सांगितलं. 'कल्लेवाडी-१' म्हणालो तेव्हा श्रीमंतच्या हातातला मोबाइल खाली पडला. हिंदुराव हसत हसत क्रेटावर बसला, क्रेट मोडला, तरी तो हसतच होता. मालावर काम करणाऱ्या बायका बाहेरून पळत आल्या, काय झालं म्हणून. त्यांच्यासाठी मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी ओलगे ओलगे करून पळूनही दाखवलं. लाज म्हणून काही उरलीच नव्हती.

हसणं थांबायला बराच वेळ गेला. मग हिंदुराव डोळे पुसत म्हणाला, "खरं सांगू का मास्तर? पोरीचा फोन आला तवा मन हुतं माजं. पर लोक हसतील ह्येची धास्ती हुती. आता काय धास्ती? ह्या तालुक्यात हसायचं म्हनलं तर तुमचाच नंबर पैला. तुमच्या फुडं आमची भुरी कोन बघतंय? माज्या तीन वळी लिवा."

सिद्धलिंग म्हणाला, "माज्या बी." मग श्रीमंत म्हणाला. मग कुणी बोलायचं थांबलं नाही. त्यातच एक जण, नाव लिहीत नाही, हळू आवाजात म्हणाला, "गेल्या सालाला ते औषध मीच मारलं हुतं. घाबरून मारलं. यंदा जे मारीन ते सांगून मारीन." भुवना, त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत. एवढं हसून झाल्यावर शिव्या कोण देणार? हिंदुरावानं त्याच्या हातात पेन दिलं.

मला आजवर वाटायचं, गावात मास्तरांच्या शब्दाला मान आहे. मानाचं भाषण केलं तर एक वेल कुणी दिला नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, उघड सांगतो. गलक्यात कुणाला दिसलं नाही, दिसलं असतं तरी आता काय बिघडणार होतं?

पुस्तकं खोक्यांतून बाहेर काढ. छाटणीला ये. दहा सह्यांचा कागद सोबत आहे, अकरावी माझी. हिंदुरावाची सही वाकडी आली आहे, ती चालते का साहेबांना विचार. सही करतानाही तो हसत होता.

मामा